दुसरी सही

वकीलबाईंनी मृत्युपत्र दोनदा वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली आणि विचारलं, "दुसरी सही कुठाय?"

समोर बसलेल्या आत्याने पर्सचा बंद घट्ट धरला. कागद तिनेच आत्ता, चहा यायच्या आत, टेबलावर ठेवला होता. बोलावलं होतं तिला वेगळ्याच कामासाठी. भाचा हा त्याच्या वडिलांचा एकुलता एक वारस, असा अर्ज करायचा होता, आणि मयताला ओळखणाऱ्या दोघांनी त्यावर साक्षीदार म्हणून सही करायची होती. एक आत्या. दुसरा शेजारचा म्हातारा. तो गुडघ्यांमुळे अजून जिन्यातच होता. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. त्याची काठी एकेका पायरीवर वाजत होती.

भाच्याने वडिलांचं अक्षर ओळखलं होतं. राहतं घर माझ्या बहिणीला. कामाचं वाक्य तेवढं एकच, बाकी सगळी आजारी हाताची गिचमिड. त्याचा चेहरा पडला होता. आता तो हळूहळू जागेवर येत होता.

"मृत्युपत्राला साक्षीदार दोन लागतात," वकीलबाई म्हणाल्या. "इथे एकच आहे. हा कोण?"

इंजेक्शन द्यायला येणारा, आत्या म्हणाली. त्या सकाळी सुई टोचून झाल्यावर दादाने त्याला थांबवून घेतलं, त्याच्यासमोर सही केली, त्यालाही करायला लावली. मग तिला म्हणाला, आता शेजाऱ्यांना हाक मार.

"मग?"

ती शेजारच्या दारापर्यंत गेली होती. बेलवर बोट ठेवलं होतं. दाबलं नाही. एक बॅग घेऊन भावाच्या दारात आली आणि घरच गिळून बसली, हे तिला त्या बंद दारातून स्पष्ट ऐकू आलं, कुणी एक शब्द न बोलता. परत येऊन तिने दादाला सांगितलं, ते गावाला गेलेत. दादा म्हणाला, आले की बघू. नवव्या दिवशी तो गेला.

हे सगळं तिने खालमानेने सांगितलं, भाच्यादेखत.

वकीलबाई तोंडाने फटकळ होत्या. "दोन वर्षं भावाचं हागणंमुतणं काढलंत, त्याची नाही लाज वाटली. तो स्वतःहून देत होता ते घ्यायची वाटली. तुम्ही बायका अशाच मरता."

मग त्या भाच्याकडे वळल्या. कायद्याच्या लेखी हा कागद रद्दी आहे, त्यांनी सांगितलं. पण वडिलांचा शब्द म्हणून मुलाने तो पाळला, तर कायदा काही आडवा येत नाही. घर आधी त्याच्या नावावर होऊ दे, मग त्याने आत्याला बक्षीसपत्र करून द्यावं. दोन पानांचं काम.

भाचा मोबाइल उलटासुलटा करत राहिला. माणूस तसा वाईट नव्हता. वाईट माणूस परवडतो, तो निदान तोंडावर नाही म्हणतो. याने आधी घरी विचारावं लागेल असं सांगितलं. मग मुलांची शिक्षणं निघाली. मग वडील शेवटी शेवटी नीट शुद्धीवर तरी कुठे होते, हेही निघालं. आणि वडिलांच्या शेवटच्या दोन वर्षांत तो मोजून तीनदा आला होता.

"आणि आत्या, तुला कोण काढतंय?" तो म्हणाला. "घर विकेपर्यंत राहा की तू."

जिन्यात काठी थांबली. म्हाताऱ्याने दम खाल्ला. पुन्हा वाजू लागली.

वकीलबाईंनी अर्ज आत्यापुढे सरकवला, पण पेन स्वतःच्याच हातात ठेवलं. "नाही केलीत सही तरी चालेल. थोडा उशीर होईल, एवढंच. भाचा दुसरा कुणी आणेल. तुमच्या हाताने तरी नको."

आत्याने चष्मा लावला आणि अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मयतास हा एकच मुलगा असून अन्य कोणीही वारस नाही.

"यात खोटं काय आहे?" तिने विचारलं. "एक खोटं बोलून झालंय माझं."

तिने पेन घेतलं आणि पहिल्या रेघेवर सही केली.

म्हातारा आत आला तो थेट खुर्चीत कोसळला. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. भाच्याने त्याला पाणी दिलं, फारच अदबीने. पाणी पिऊन झाल्यावर, कुठे करायची, म्हणून त्याने विचारलं. वकीलबाईंनी दुसऱ्या रेघेवर बोट ठेवलं. त्याने सावकाश पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, जसं काही कुणी तपासणार होतं.

"झालं? एवढ्यासाठी तीन जिने चढवलेत होय," तो हसत आत्याला म्हणाला. "भिंत वाजवायची, ताई, घरीच करून दिली असती. मी कुठे जातोय? हे गुडघे गेल्यापासून दोन वर्षांत आज पहिल्यांदा उंबरा ओलांडला."

मृत्युपत्र अजून टेबलावर उघडंच होतं. आत्याने त्यावर आपला तळहात पालथा ठेवला, म्हाताऱ्याला वाचता येऊ नये म्हणून.