दोन घराण्यांचा कागद

डॉक्टरांनी कोऱ्या कागदावर चौकोन आणि गोल काढले. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. सगळ्यात खाली एकच चौकोन, वीरधवलचा. अठरा वर्षांचं ते पोर आठ दिवस झोपलं नव्हतं आणि वडूजच्या आपल्या माळावर विमानतळ बांधायला निघालं होतं. आता ते सांगलीच्या या दवाखान्यात, आतल्या खोलीत इंजेक्शनाच्या गुंगीत पडलं होतं.

घरात आधी कुणाला असं काही झालं होतं का, डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्यात असलं काय न्हाई," पोराचे आजोबा, फौजेतले निवृत्त सुभेदार नाथाजी म्हणाले. "हिचा भाऊ येडा हाय. तिकडनंच आलंय."

ही म्हणजे मंगल, पोराची आई. नवरा अपघातात वारला आणि याच बोलण्यावर सासऱ्यांनी तिला पंधरा वर्षांपूर्वी माहेरी धाडलं होतं आणि तीन वर्षांचं लेकरू ठेवून घेतलं होतं. आज डॉक्टरांनी आईलाही बोलवा म्हटलं, म्हणून तिला या माणसाच्या शेजारची खुर्ची मिळाली होती.

तिनं वाद घातला नाही. माझ्या भावाला कानात आवाज येतात, खरं आहे, म्हणाली. डॉक्टरांनी तिच्या बाजूचा एक चौकोन पेनानं काळा केला. सुभेदार खुर्चीत रेलून बसले. त्यांना असं निवांत बसलेलं बघून मंगलला बरं वाटलं. बसू दे, म्हणाली मनात, घटकाभरच बसायचं आहे.

मग तिनं सासरची बाजू सांगायला घेतली. आजेसासरे रात्र रात्र न झोपता विहिरी खणायचे, एका उन्हाळ्यात तीन खणल्या आणि मग वर्षभर अंथरुणातली वाकळ सोडली नाही. घरात त्याला कामाचा झपाटा म्हणायचे. चुलतसासरे हंबीरराव गोठ्यात भिंतीकडं तोंड करून बसायचे, त्यांचं म्हणे मौन होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, दुसरं काय. नाथाजींच्या बाजूचे दोन चौकोन काळे झाले.

डॉक्टर सांगू लागले की या आजारांची नावं वेगवेगळी असली तरी मुळं बऱ्याचदा एकमेकांत गुंतलेली असतात. एकाच रक्तात एकाला उदासी येते, दुसऱ्याला भास होतात, तिसऱ्याला अशी लहर चढते. यात दोष कुणाचाच नसतो.

दोष नसतो हे मंगलला पंधरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आता ते तिला नकोही होतं. तिनं पुढं वाकून सुभेदारांच्या पोरीच्या गोलावर बोट ठेवलं.

"ह्यो बी भरा. क्रांतीवन्सं."

"ती पाय घसरून पडली हिरीत," नाथाजी म्हणाले.

"तुमी जम्मूला व्हता, मामंजी. हिरीवर पयली मी गेल्ते." मंगलचा आवाज चढला नाही. "चपला कठड्याला जोडीनं काढून ठिवल्या व्हत्या. सासूबाई म्हणल्या, उचल, घराची अब्रू जाईल. मी पदराखाली घरी आणल्या. अब्रू राखली तुमची. फुडल्या साली तुमी मला हाकललं."

डॉक्टरांनी नाथाजींकडं पाहिलं आणि गोल काळा केला. पोराला एकटं सोडू नका, एवढंच म्हणाले.

उट्टं निघालं होतं. मंगल उठली. पोरगं शुद्धीवर आलं की माझ्याबरोबर येईल, असं तिनं सांगितलं, विचारलं नाही.

दाराबाहेर पेशंटांच्या चपलांचा ढीग पडला होता. मंगलनं आपल्या पायात सरकवल्या. मागून आलेले सुभेदार उंबऱ्यातच थांबले, चपलांकडं बघत.

"कंच्या व्हत्या?" त्यांनी विचारलं.

"निळ्या," मंगल म्हणाली. "म्हसवडच्या जत्रंतनं तुमीच आणल्याल्या."