त्या देशात तुमचं कोण?

दिल्लीचा फोन आला तसं वडवणीत वाहेदच्या कापसाच्या जिनिंगमधली यंत्रं बंद झाली. बाहेर फटाक्यांची माळ तयार होती. भारत-पाकिस्तान संयुक्त व्यापार आयोगावर कापसातला एक व्यापारी घ्यायचा होता. बाजार खुला झालेला, सरकारला गावाकडची माणसं हवी होती. जिल्ह्यातून दोनच नावं गेली होती. पहिलं वाहेदचं, दुसरं त्याच्या भागीदाराचं, नागप्पाचं. पहिली बैठक कराचीला होती. आज वाहेदची नेमणूक होणार म्हणून अख्खी पेठ आत घुसली होती. त्याची म्हातारी आई बीबीजानसुद्धा रिक्षानं आली होती. आनंदानं नागप्पाचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

फोनवर दिल्लीच्या साहेबांनी वाहेदचं अभिनंदन केलं. फक्त एक विचारायचं राहिलं होतं. त्या देशात जवळचं कुणी नातेवाईक आहे का? असेल तर नेमणूक होत नाही.

वाहेदची थोरली बहीण तरन्नुम लग्न होऊन कराचीला गेली, त्याला जमाना लोटला होता. ती दिसेल, एवढ्याच आशेनं त्यानं नाव दिलं होतं. नाही म्हटलं असतं तरी दिल्लीत कुणाला कळणार होतं? त्यानं आईकडं पाहिलं.

"सख्खी बहीण हाय, साहेब," तो म्हणाला आणि त्यानं रिसीव्हर नागप्पाच्या हातात दिला.

साहेबांनी नागप्पालाही तेच विचारलं. नागप्पा जन्मला तेव्हा त्याची आई दानम्मा अंथरुणाला खिळली होती. शेजारच्या बीबीजाननं तरन्नुमच्या बरोबरीनं त्याला अंगावर पाजलं होतं. वाहेद खरं बोलला, मग आपण तरन्नुमला कसं नाकारायचं?

"माझीबी बहीण हाय तिथं," नागप्पा म्हणाला. "एकाच माउलीचं दूध प्यालोत आमी."

वाहेदनं कपाळाला हात लावला. साहेब खोदून खोदून विचारत होते, नागप्पा खरं तेच सांगत होता. शेवटी साहेब काय बोलले ते एकट्या नागप्पाला ऐकू आलं. रिसीव्हर ठेवून तो बीबीजानपाशी खाली बसला. त्याला हसू आवरत नव्हतं आणि डोळे वाहत होते.

"अम्मा, सरकार म्हनतंय, तरन्नुम माझी कुनीच लागत न्हाई," तो म्हणाला. "म्हनून मलाच कराचीला धाडायलेत."