टिल्लूची उलटी शिंक

तापलेला विळा घेऊन लिंबाजी अंगणात आला, तेव्हा धोंडीबा कुत्र्याला मांडीवर घेऊन उंबऱ्यातच ठाण मांडून बसला होता.

"सरक बाजूला. छातीवर एक डाग दिला की घुरघुर गपगार व्हती. कोकरांना देतोच की आपन."

"ह्याला हात लावून बघ," धोंडीबा म्हणाला. "तोच इळा तुझ्या पाठीवर उमटवतो का न्हाई ते बघ."

लिंबाजी त्याचा चुलतभाऊ. दोघांची मेंढरं एकाच माळावर चरायची. धोंडीबाचा हट्ट त्याला लहानपणापासून माहीत होता. पुटपुटत, विळा झाडत तो निघून गेला.

टिल्लू म्हणजे गुडघ्यालाही न पुरणारं, पांढऱ्या झुबकेदार केसांचं कुत्रं. मुलगा बबलू त्याला पुण्याहून घेऊन आला आणि इथंच ठेवून गेला. लांडगा तर सोडाच, मांजर आली तरी हे धोतरात तोंड लपवायचं. मेंढपाळाच्या घरी असलं कुत्रं म्हणून गावानं पोटभर हसून घेतलं. मग धोंडीबाही इरेला पेटला. टिल्लूला खांद्यावर बसवून तो सगळ्या गावासमोरून मेंढरांमागं जायला लागला आणि बघता बघता त्याचा जीव त्या कुत्र्यात गुंतला.

आता हे नवीनच सुरू झालं होतं. टिल्लू मध्येच थबकायचा, मान ताणायचा, पुढचे पाय फाकायचा आणि घर्रघर्र आवाज करत नाकानं हवा आत ओढायचा. शिंक बाहेर यायची ती आतच चालली आहे, असं वाटायचं. थोड्या वेळानं सगळं थांबायचं आणि पठ्ठ्या शेपूट हलवत भाकरी मागायचा.

धोंडीबा मात्र बेजार झाला. रात्ररात्र खांबाला टेकून बसून राहायचा. बायकोनं, कासाबाईनं, अंथरूण दाखवलं की म्हणायचा, "तू झोप. मी टिल्लूवर नजर ठेवायलोय."

शेवटी कासाबाईच म्हणाली, "गंगाखेडला जनावरांच्या दवाखान्यात नेऊ त्याला."

धोंडीबा लगेच तयार झाला. स्वतःसाठी मात्र त्यानं डॉक्टरची पायरी कधी चढली नव्हती, आणि पारावर बसून ते मोठ्या तोऱ्यात सांगायचाही. दिवाळीत बबलूनं त्याला दवाखान्यात न्यायला बळंच रिक्षात घातलं होतं, तर हा वळणावर उतरून शेतातून घरी आला. त्यानंतर कासाबाईनं तो विषय काढला नव्हता.

एसटीत चढताच हशा पिकला. कंडक्टर म्हणाला, "बाबा, ह्या पाहुन्याचं तिकीट?"

"फाड. फुल फाड. हाफ कशाला? माझ्या घरचा मानूस हाय तो."

कंडक्टरनं फुल तिकीट फाडलं. कासाबाई खिडकीबाहेर बघत राहिली.

स्टँडपासून दवाखान्यापर्यंत थोडा चढ होता. धोंडीबा मध्येच थांबला. "लय जड झालंय गं हे कुत्रं," तो म्हणाला. कासाबाईनं टिल्लूला आपल्याकडं घेतलं. पुढं लिंबाखाली धोंडीबा पुन्हा थांबला. "टिल्लूला जरा सावली घेऊ दे." कासाबाईही त्याच्याशेजारी उभी राहिली.

डॉक्टर प्रियांका वयानं बबलूएवढ्याच असतील. टेबलावर ठेवताच टिल्लूनं मान ताणली आणि घर्रघर्र सुरू केली. धोंडीबा लगबगीनं पुढं सरकला. डॉक्टरनी शांतपणे टिल्लूच्या गळ्यावरून हात फिरवला. त्यानं आवंढा गिळला आणि आवाज बंद झाला. मग त्यांनी छाती तपासली, नाक पाहिलं, तोंड उघडून पाहिलं.

"ही उलटी शिंक आहे, बाबा. लहान कुत्र्यांना येते. धुळीनं येते, आनंदानंसुद्धा येते. छाती एकदम साफ आहे. घाबरू नका."

"आन डाग?"

"डाग अजिबात द्यायचा नाही!"

धोंडीबाची छाती फुगली. "ऐकलं का? आता लिंबाजीला येशीत उभं करून सांगतो." मग जरा दमानं त्यानं विचारलं, "पर खरं दुखनं वळखायचं कसं?"

"जीभ निळी पडली, भोवळ येऊन पडला, आवाज थांबेचना, तर लगेच आणायचं. नुसता बसलेला असताना धाप लागली, तरी थांबायचं नाही."

मागं उभी असलेली कासाबाई पुढं आली. "आन रातीला आडवंच होता आलं न्हाई तर? बसून रात काढावी लागली तर?"

डॉक्टरनी मान वर केली. "तर छातीत पाणी झालेलं असू शकतं. काळीज कमजोर असू शकतं."

"थोडं चाललं की थांबावं लागलं तर?"

"तरी तेच. एक दिवससुद्धा घालवायचा नाही. जीव जातो, मावशी."

धोंडीबा चिडला. "काय अभद्र बोलायलीस? टिल्लू चांगला हाय म्हन्ल्यात ना बाई!" टिल्लूच्या डोक्यावर हात ठेवून तो डॉक्टरकडं वळला. "डॉक्टरीनबाई, लोकं हसू द्या न्हाईतर थुकू द्या. माझ्या घरच्या जिवाला आसं झालं, तर मी दिस मावळू देनार न्हाई. उचलून दवाखान्यात नेईन. बिरोबाची आन हाय मला! जीव तडफडायलाय आन घरचे बघत बसल्यात, ही कुठली रीत?"

बोलता बोलता त्याला मध्येच टेबलाचा आधार घ्यावा लागला.

डॉक्टर दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिल्या. "मावशी, हे सगळं टिल्लूला होतंय का?"

"टिल्लूला ह्यातलं कायबी न्हाई, बाई," कासाबाई म्हणाली. "आमच्या ह्यांना हाय. आन आता त्यांनी बिरोबाची आन घेतलीय."