मालकाचा अंगठा

अतिवृष्टीत सारजाबाईची उभी कपाशी पाण्यात सडली. सरकारची मदत जाहीर झाली, पण सातबारा नवऱ्याच्या, बद्रीनाथच्या नावावर. आणि बद्रीनाथ नऊ वर्षांपूर्वी सिल्लोडच्या बाजारात बैल बघायला म्हणून गेला, तो आजवर परतलाच नव्हता.

तलाठी म्हणाले, "मावशी, एक तर कुठल्याबी सेवा केंद्रावर मशीनवर मालकाचा अंगठा लागंल, नाय तर ते वारल्याचं लिहून द्या."

अंगठा ती आणणार कुठून? आणि ज्याच्या नावाचं कुंकू रोज लावायचं, त्याला आपल्याच तोंडानं मेला कसं म्हणायचं? पंधरा दिवस तिनं कळ काढली. शेजारच्या रानात हरभऱ्याची पेरणी सुरू झाली, तिच्या घरात मात्र मूठभर बियाणं नव्हतं. शेवटी तिनं अर्ज लिहून घेतला, देवापुढं ठेवला, पोटभर रडली आणि सही करून तलाठ्याच्या हातात दिला.

"मालक गेले म्हणून लिवलंय, साहेब," ती कशीबशी बोलली.

तलाठ्यांनी मदतीच्या यादीतला बद्रीनाथचा नंबर मोबाइलवर तपासला आणि अर्ज तिच्यापुढं परत सरकवला.



"याची काय गरज नाय, मावशी. मालकांनी परवाच संभाजीनगरात, मुकुंदवाडीच्या केंद्रावर अंगठा लावलाय."