दिव्यावरचं फडकं

उजेडामुळे मांजराच्या पिल्लाचे डोळे उघडत नसतील, असं वाटून शिंपीणबाईंनी मशीनच्या दिव्यावर जाड फडकं टाकलं होतं. अंधुक उजेडात टीप वाकडी जायची, उसवून पुन्हा घालावी लागायची. भावंडांचे डोळे वेळेवर उघडले, ती पिल्लं लोकांच्या घरीही गेली. हिच्या पापण्यांआड मात्र काही हलेना. शेवटी टोपलीत घालून त्यांनी तिला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. “उजेडाचा दोष नाही, आजी,” डॉक्टर म्हणाले. “डोळे आत तयारच झाले नाहीत. घरात बोलत राहा, म्हणजे तुम्ही कुठं आहात ते तिला कळेल.” घरी येऊन त्यांनी दिव्यावरचं फडकं काढलं. नवरा गेल्यापासून गिऱ्हाइकांशी मापापुरतं बोलणं, एवढाच काय तो त्यांचा आवाज उरला होता. मांजराशी काय बोलावं, सुचेना. घसा खाकरून त्या म्हणाल्या, “मी… इथं आहे गं.” टोपलीतलं डोकं त्यांच्याकडे वळलं.