रानातलं परसदार

सिंगापूरच्या एका नामवंत लेखकाचं बालपण उबिन बेटावरच्या खेड्यात गेलं. ते बघायला माझ्या लेकीच्या, ऋग्वेदाच्या शाळेतल्या वर्गाबरोबर पालक म्हणून मीही गेले. “आई, झाडांची लॅटिन नावं सांगत बसू नकोस हं,” लेकीने बोटीतच बजावलं. खेडं उरलंच नव्हतं. सगळीकडे रान माजलेलं. सोबत आलेली लेखकाची वृद्ध बहीण तासभर घराची जागा शोधून थकली. “चला परत. पुन्हा यायचं वय नाही माझं,” ती म्हणाली. मला राहवेना. “आंटी, थांबा. ही रंबुतानची चार झाडं बघा, एका ओळीत, सारख्या अंतरावर. रानात झाडं अशी उगवत नाहीत. हे कुणाचं तरी परसदार आहे.” झाडांपलीकडचा पाचोळा सारला, तर सिमेंटची पायरी निघाली. “आमचीच पायरी,” म्हणत म्हातारी तिच्यावर बसली. तिने मुलांना विचारलं, “ही कुणाची आई?” ऋग्वेदाचा हात ताठ वर गेला.