भिंतीकडची बाजू

तासगावजवळच्या त्या मळ्यात भर दुपारी बेदाण्याचा गोड वास सुस्तावून पडला होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना घरी जाऊन तपासणाऱ्या संयोगिता सिस्टर हौसाबाईंच्या खाटेशी बसल्या. म्हातारीच्या पाठीला जखम निघाली, तर तिला सांगलीच्या शुश्रूषागृहात हलवावं लागणार होतं.

"मला हितनं नेऊ नगासा बाई," हौसाबाई म्हणाल्या. "हितं समदं झ्याक हुतंय माझं."

"तुमची कूस कोण बदलतं?"

हौसाबाई नुसत्या हसल्या.

सून वैजयंता खाली मान घालून म्हणाली, "मी दिवसभर बेदाण्याच्या शेडवर. मालक फौजेत. आन् आत्याबाई लय जड. मला एकटीला हलत न्हाईत. च्या ठिवते, मग दोघी मिळून वळवू."

ती आत गेली. खाट भिंतीला अगदी चिकटून होती, मधे बोटही शिरलं नसतं. अंदाज घ्यावा म्हणून सिस्टरांनी पाठीखाली हात घातले, आणि हौसाबाई पिसासारख्या अलगद भिंतीकडं वळल्या. पाठ तान्ह्या बाळासारखी नितळ होती. नुकतीच पावडर लावलेली.

"न्यायची गरज नाही तुम्हाला," सिस्टर समाधानानं म्हणाल्या.

"आवं, थांबा की, मी येते धराय," दारातून कप घेऊन येणारी वैजयंता म्हणाली.

सिस्टरांनी दचकून दोन्ही हात काढून घेतले. हौसाबाई तशाच, अर्ध्या उचललेल्या, तोलून राहिल्या.

"ठेव गं आता," म्हातारी भिंतीला म्हणाली.